फिरत्या वाळूचा हिशेब : मालदीवच्या पर्यटनबेटांवरील पर्यावरण-परीक्षणाचा इतिहास

मालदीवच्या सुमारे १,१९० बेटांपैकी एकाही बेटाची वाळू डोंगर झिजून किंवा नदीच्या पुराबरोबर वाहून आलेली नाही, कारण त्या देशात डोंगरही नाही आणि नदीही नाही. तेथील सगळी वाळू सजीवांनी घडवलेली आहे. मेलेल्या प्रवाळांचे तुकडे, शंखशिंपल्यांचा चुरा, चुनखडी साठवणाऱ्या हॅलिमेडा या शैवालाचे कण आणि या सर्वांहून कितीतरी अधिक प्रमाणात पोपटमाशांची विष्ठा, अशी तिची घडण आहे. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळखडक खरवडतो, त्यावरचे शैवाल पचवतो आणि दगडाचे पीठ मागे टाकतो. बा या कंकणद्वीपातील वक्कारू बेटाभोवती झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाळू या एका माशाच्या खाती जमा झाली. (कंकणद्वीप म्हणजे समुद्रात बुडालेल्या तळखडकाच्या कडेने वर आलेले प्रवाळांचे कडे, या कड्याला प्रवाळभित्ती म्हणतात आणि भित्तीच्या आत कोंडलेल्या शांत पाण्याला लगून.) पुढे याच वक्कारूवर रिसॉर्ट उभे राहिले, हा योगायोग मालदीवच्या अलीकडच्या इतिहासाला शोभणारा आहे.

या बेटांचा दुसरा गुण असा की ती एका जागी स्वस्थ बसत नाहीत. वर्षाच्या एका भागात वारा नैऋत्येकडून व पश्चिमेकडून वाहतो, त्या ऋतूला तेथील दिवेही भाषेत हुळंगु म्हणतात; डिसेंबरपासून तो ईशान्येकडून येतो, तो इरुवै. वारा फिरला की लाटांची दिशा फिरते आणि लाटांबरोबर किनाऱ्याची वाळू बेटाच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे सरकते. सहा महिन्यांनी ती बहुतांशी परत येते. एका कंकणद्वीपातील तेरा बेटांच्या किनाऱ्यांची ऋतूनुसार मोजणी करून २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हा प्रवास आकड्यांत मांडला, आणि गोलाकार बेटांवर तो अधिक ठळक असतो हेही दाखवले. बेटावर राहणाऱ्यांना मात्र त्याची माहिती पूर्वापार होती. त्यांचे पंचांग सत्तावीस नक्षत्रांचे आहे, आणि प्रत्येक नक्षत्राला तेरा-चौदा दिवस देऊन त्यात वारा कसा राहील, समुद्र कधी खवळेल, मासे कोठे मिळतील, लागवड कधी करावी हे ठरवून दिलेले आहे. मृगात पेरणीची तयारी करणाऱ्या आणि आर्द्रेच्या पावसाची वाट पाहणाऱ्या मराठी शेतकऱ्याला तेथील मियाहेळि आणि अधा ही नक्षत्रे ओळखीची वाटतील, कारण ती मृगशीर्ष आणि आर्द्राच आहेत. इरुवैचा प्रारंभ तेथे मूळ नक्षत्राने, म्हणजे १० डिसेंबरच्या सुमारास होतो.

अशा जमिनीवर शतकानुशतके वस्ती टिकली याचे एक कारण वस्तीच्या मांडणीत सापडते. घरे बेटाच्या पोटात असत, किनाऱ्यालगत झुडपांचा पट्टा राखलेला असे, आणि खुद्द पुळणीवर होड्या ओढणे, मासळी सुकवणे यापलीकडे कायमचे काही उभारले जात नसे. वाळू दहा-वीस पावले इकडे-तिकडे झाली तरी कोणाचे भिंत-छप्पर जात नसल्याने तिच्या येण्याजाण्याला धूप म्हणण्याचे कारणच नव्हते. घरामागच्या गिफिली नावाच्या उघड्या आवारात एक उथळ विहीर असे, आणि तिचे पाणी म्हणजे पावसाचे मुरलेले पाणी असे. बेटाच्या वाळूत मुरलेले गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगते. बाडोन खिबेन या डच आणि हेर्त्झबेर्ग या जर्मन अभ्यासकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार समुद्रपातळीच्या वर जितके गोडे पाणी, त्याच्या सुमारे चाळीस पट ते पातळीखाली असावे. पण मालदीवमध्ये वाळूखालचा प्रवाळखडक इतका सच्छिद्र आहे की प्रत्यक्षात हे भिंग फार पातळ राहते. उपसा थोडा वाढला तरी तळाचे खारे पाणी वर येते, आणि वरून पडलेली घाण गाळली न जाता सरळ भिंगात उतरते. १९७८ मध्ये पसरलेली पटकीची साथ हा या दुसऱ्या धोक्याचा पुरावा होता, आणि त्यानंतरच्या दशकात राजधानी मालेत समुद्राचे पाणी गोडे करण्याचे यंत्र बसवावे लागले.

पर्यटनाचा आरंभ मात्र या साथीच्याही आधीचा आहे. १९६० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी या बेटांवर पर्यटन चालणार नाही असा अभिप्राय दिला होता, असे तेथील पर्यटनाच्या इतिहासात नेहमी सांगितले जाते, आणि वीज, बंदर, बँक, टेलिफोन यांपैकी काहीही नसलेल्या देशाबद्दलचा तो अभिप्राय त्या घडीला अवाजवी म्हणता येत नाही. जॉर्ज कॉर्बिन या इटालियन प्रवास-व्यावसायिकाने १९७२ च्या फेब्रुवारीत पहिला गट मालेत आणला, तो लोकांच्या घरांत उतरला, आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला विहामनाफुशी या नारळबागेच्या बेटावर कुरुंबा हे पहिले रिसॉर्ट सुरू झाले. त्याच्या तीस खोल्या प्रवाळदगडाच्या भिंतींच्या आणि नारळाच्या झापांच्या छपराच्या होत्या, आणि नळाला येणारे पाणी मचूळ होते. पाठोपाठ बंडोस बेटावर दुसरे रिसॉर्ट आले. सिलोनला सुकी मासळी पाठवून मिळणाऱ्या पैशावर चाललेल्या देशाची ती बाजारपेठ नेमकी त्याच वर्षांत आटत होती, त्यामुळे परदेशी पाहुण्यांच्या या नव्या धंद्याकडे सरकारने फार प्रश्न न विचारता पाहिले. पहिल्या वर्षी पाहुणे हजाराच्या आसपास आले. २०२४ मध्ये ही संख्या वीस लाखांच्या पुढे गेली.

मालदीवने या धंद्याला दिलेला आकार मात्र जगात वेगळा होता. निर्जन बेट भाडेपट्ट्याने द्यायचे आणि एका बेटावर एकच रिसॉर्ट ठेवायचे, हे धोरण फार लवकर स्थिर झाले. त्याचा सामाजिक हेतू पाहुण्यांना आणि गावांना एकमेकांपासून दूर ठेवण्याचा होता (गावांतील बेटांवर अतिथिगृहांना मोकळीक मिळाली ती २००९ नंतर), पण त्याचा पर्यावरणीय अर्थ अधिक खोल गेला, कारण प्रत्येक रिसॉर्टला स्वतःचे वीजघर, स्वतःचे पाणी, स्वतःची सांडपाण्याची व्यवस्था आणि स्वतःची कचऱ्याची विल्हेवाट करणे भाग पडले. काहीशे मीटर लांबीच्या वाळूच्या ढिगावर एका छोट्या नगरपालिकेची सगळी कामे येऊन पडली, आणि ती करणारी संस्था खासगी होती.

किनाऱ्याचे स्थानही याच काळात बदलले. सरकारने बांधकामाला बेटाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात मर्यादा घातली, इमारतीने झाडांच्या शेंड्यांवर डोके काढू नये असे ठरवले, आणि प्रत्येक खोलीपुढे पाच मीटर पुळण असली पाहिजे असा दंडक केला. हेतू चांगला होता आणि गर्दी रोखण्याचे काम या नियमांनी खरोखर केले. तथापि पाच मीटरच्या दंडकाने एक नवी गोष्ट घडवली: ऋतूबरोबर येणारी-जाणारी पुळण आता खोलीच्या मोजमापात धरली गेली, आणि जी पुळण डिसेंबरात एका खोलीसमोर असते ती जुलैत तेथे असणार नाही, हे निसर्गाला सोडून इतरांना गैरसोयीचे झाले. पुढे लगूनमध्ये खांबांवर खोल्या बांधण्याची पद्धत आली, तेव्हा पाण्यावर व्यापलेल्या जागेइतकी जागा जमिनीवर मोकळी सोडावी अशी तरतूद झाली. तिनेही बेटावरची गर्दी कमी केली आणि लगूनच्या तळावरची वाढवली.

पहिल्या दोन दशकांत पर्यावरणाच्या नोंदीत सर्वांत ठळक नुकसान दिसते ते बांधकामाच्या दगडाचे. दगड म्हणजे प्रवाळ, आणि तो जिवंत उथळ भित्तीवरून पहारीने फोडून आणला जाई. मशिदी आणि थडग्यांसाठी ही खाण शतकांपूर्वीपासून चालत होती, पण रिसॉर्ट आणि वाढते माले यांच्या मागणीने तिचे प्रमाण बदलले. बार्बरा ब्राउन आणि रिचर्ड डन यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाण झालेल्या भित्ती अनेक वर्षांनीही सावरलेल्या दिसल्या नाहीत, कारण मागे उरलेल्या खड्ड्यांतला सैल चुरा प्रत्येक लाटेबरोबर हलतो आणि त्यावर प्रवाळाच्या पिल्लाला मूळ धरता येत नाही. पुढे काँक्रीटचे ठोकळे टाकून अशी भित्ती पुन्हा वसवण्याचे प्रयोग उत्तर माले कंकणद्वीपात झाले. त्यांतून नवे प्रवाळ आले, परंतु खर्चाचा अंदाज पाहता भित्ती फोडणे जितके स्वस्त तितके ती जुळवणे महाग, एवढे स्पष्ट झाले. भित्ती खचली की लाट अधिक जोराने किनाऱ्यावर येते, वाळू बनवणाऱ्या जिवांचे घर जाते, आणि पुळणीची धूप सुरू होते. म्हणजे खोल्या ज्या दगडाच्या बांधल्या, त्याच दगडाच्या अभावी खोल्यांपुढचा किनारा गेला.

१९८७ च्या एप्रिलमध्ये दक्षिण हिंदी महासागरातून आलेल्या लांब लाटांनी माले जलमय केले आणि भराव घालून मिळवलेली जमीन ओरबाडून नेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांनी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत समुद्रपातळीच्या वाढीचा प्रश्न मांडला, आणि १९८९ मध्ये मालेत लहान राष्ट्रांची परिषद भरली. जपानच्या मदतीने राजधानीभोवती मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर दिसतात तशा टेट्रापॉडांचा कोट उभारण्याचे काम १९८८ मध्ये सुरू झाले आणि २००२ पर्यंत चालले. या वर्षांत जगासमोर मांडला गेलेला धोका बाहेरून येणारा होता, आणि तो खराही होता. परंतु बेटांच्या आत चाललेल्या खोदाई-भरावाची मोजदाद त्यामुळे काहीशी मागे पडली, असे म्हणावे लागते.

ती मोजदाद कायद्यात आली १९९३ मध्ये. त्या वर्षीच्या पर्यावरण संरक्षण व जतन कायद्याच्या पाचव्या कलमाने पर्यावरणावर परिणाम करू शकेल असा कोणताही विकासप्रकल्प हाती घेण्यापूर्वी पर्यावरण आघात मूल्यमापन करणे सक्तीचे केले, आणि सहाव्या कलमाने अनिष्ट परिणाम घडवणारा प्रकल्प नुकसानभरपाई न देता थांबवण्याचा अधिकार सरकारला दिला. आघात मूल्यमापन म्हणजे प्रकल्पापूर्वीची मूळस्थिती मोजणे, प्रकल्पामुळे काय बदलेल याचा अंदाज बांधणे, पर्याय तपासणे (त्यांत काहीच न करण्याचा पर्यायही धरून), हानी कमी करण्याचे उपाय सुचवणे आणि नंतर देखरेख ठेवणे; अमेरिकेच्या १९६९ च्या कायद्यातून ही पद्धत जगभर पसरली. मालदीवमध्ये तिचे तपशीलवार नियम २००७ मध्ये झाले आणि २०१२ मध्ये ते नव्याने लिहिले गेले. अहवाल नोंदणीकृत सल्लागाराने लिहायचा आणि त्याचे शुल्क प्रकल्प करणाऱ्याने द्यायचे, ही जगात बहुतेक ठिकाणी असलेली आणि सर्वत्र शंका निर्माण करणारी व्यवस्था तेथेही आहे.

भारताने त्याच सुमारास वेगळी वाट धरली होती. किनाऱ्यापासून ५०० मीटरपर्यंत बांधकाम नको, असे इंदिरा गांधींनी १९८१ मध्ये किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना कळवले होते, आणि १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासूनच्या अंतराला कायद्याचे रूप दिले. गोव्यातील आणि कोकणातील हॉटेलांचे वाद गेली तीन दशके याच रेषेभोवती फिरत आहेत. मालदीवला ही रेषा उपयोगाची नव्हती, कारण तेथील बहुतेक रिसॉर्ट-बेटांच्या मध्यावर उभे राहिले तरी माणूस समुद्रापासून ५०० मीटर दूर जात नाही. लक्षद्वीप आणि अंदमानासाठी भारतालाही २०११ मध्ये वेगळी बेट-अधिसूचना काढावी लागली ती याच कारणाने. जेथे अंतराने संरक्षण देता येत नाही तेथे परीक्षणानेच द्यावे लागते, आणि म्हणून मालदीवमध्ये सगळा भार अहवालाच्या खऱ्या-खोटेपणावर येतो.

पुळण पुनर्भरणाचा अहवाल या दृष्टीने पाहण्यासारखा असतो. पुनर्भरण म्हणजे लगूनच्या तळातील वाळू पंपाने उपसून, पाण्यासह नळातून किनाऱ्यावर सोडून, धुपलेली पुळण पुन्हा भरणे. त्यासाठी किनाऱ्याचे उभे छेद मोजतात, तळाची खोली नोंदवतात, तरंगत्या खुणा सोडून प्रवाह तपासतात, आणि भित्तीवर ठरावीक रेषेवर छायाचित्रे घेऊन जिवंत प्रवाळ किती टक्के आहे ते काढतात. अडचण पहिल्याच मोजमापात आहे. जो किनारा दर सहा महिन्यांनी जागा बदलतो त्याची मूळस्थिती एका भेटीत काढली, तर भेट इरुवैत झाली की हुळंगुत यावर धूप किती आहे याचे उत्तर अवलंबून राहते, आणि दोन्ही ऋतूंची मोजणी करायला जितका काळ लागतो तितका थांबण्याची रिसॉर्टची तयारी क्वचितच असते. दुसरी अडचण कणाच्या आकाराची. पुळणीवरची वाळू लाटांनी चाळलेली, भरड असते. लगूनच्या तळाची वाळू बारीक असते, त्यामुळे भरलेल्या पुळणीतून आधी बारीक कण निघून जातात, पाणी दुधाळ होते आणि तो गाळ प्रवाळांवर बसतो. प्रवाळाच्या शरीरातील शैवालाला प्रकाश हवा असतो, आणि बसलेला गाळ झटकण्यात प्रवाळाची शक्ती जाते. यावर उपाय म्हणून कामाच्या जागेभोवती पाण्यात कापडी गाळपडदा टांगतात. शांत पाण्यात तो उपयोगी पडतो, प्रवाह जोराचा असला की पडदा उचलला जातो. शिवाय जेथून वाळू उपसली तेथे खड्डा उरतो, आणि तो खड्डा भरून काढण्यासाठी पुळणीवरची वाळूच कधी कधी परत खाली उतरते. तेव्हा काही वर्षांनी पुन्हा पंप लावला जातो, आणि त्यासाठी नवा अहवाल लिहिला जातो.

पुनर्भरण टिकावे म्हणून किनाऱ्याला काटकोनात बांध काढले जातात किंवा समुद्राच्या बाजूने दगडांची रांग रचली जाते. अशा बांधाच्या एका बाजूला वाळू अडते आणि दुसऱ्या बाजूला तिचा पुरवठा तुटतो, ही गोष्ट धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांच्या टोकाशी कोकणातील गावांनी पाहिलेली आहे. लांबच लांब किनाऱ्यावर ही दुसरी बाजू निदान शेजारच्या गावाची असते. गोल बेटावर ती त्याच रिसॉर्टच्या मागच्या खोल्यांची असते, त्यामुळे तेथेही बांध काढावा लागतो आणि अखेर बेटाभोवती बांधांची माळ तयार होते. वाळूचा ऋतुप्रवास तुटतो आणि तिच्या जागी देखभाल येते. पर्यटनक्षेत्रासाठी २००६ मध्ये झालेल्या पर्यावरण नियमांनी पुळणीवरून व भित्तीवरून वाळू-प्रवाळ काढण्यास मनाई केली आणि अशा बांधांना परवानगीची अट घातली. परंतु तोवर अनेक बेटांना ही माळ पडलेली होती.

सुविधांचा, म्हणजे पाणी, वीज आणि मैल्याचा, हिशेब पुळणीपेक्षा कमी दिसणारा आहे. रिसॉर्टचे पाणी आता विहिरीतून येत नाही; समुद्राचे पाणी दाबाने सूक्ष्म पडद्यातून ढकलून गोडे केले जाते, घरोघरच्या ‘आरओ’ यंत्रामागचे तत्त्व हेच आहे. ढोबळमानाने शंभर लिटर समुद्रजलातून पस्तीस ते चाळीस लिटर गोडे पाणी निघते आणि उरलेले सुमारे दीडपट खारे होऊन नळाने समुद्रात परत जाते. हे पाणी जड असल्याने तळाशी बसते. नळाचे तोंड भित्तीबाहेरच्या उतारावर, वाहत्या पाण्यात असेल तर ते विरून जाते, आणि खर्च वाचवण्यासाठी लगूनमध्ये उघडले तर तेथेच साचते. या यंत्राला लागणारी वीज दीर्घकाळ डिझेलवर बनत आली, म्हणजे प्रत्येक बेटाला इंधनाची टाकी आणि ते आणणाऱ्या जहाजासाठी भित्तीतून खोदलेला मार्ग आवश्यक झाला; आणि तो मार्ग लाटांना नवी वाट देऊन पुळणीच्या धुपीत भर टाकतो. सौरऊर्जा अलीकडे वाढली आहे, पण छपरांची जागा मर्यादित आणि झाडांची सावली भरपूर, अशा बेटावर तिलाही सीमा आहे. मैलापाणी पूर्वी शोषखड्ड्यांत जाई आणि तेथून गोड्या पाण्याच्या भिंगात उतरे. २००६ च्या नियमांनी मैल्याच्या विल्हेवाटीबरोबर कचरा जाळण्याची भट्टी आणि बाटल्या-डबे चिरडण्याची यंत्रे रिसॉर्टवर सक्तीची केली. प्रक्रियेनंतरही नत्र आणि स्फुरद उरतात, आणि ती खते मिळाली की भित्तीवर शैवाल वाढून प्रवाळांना झाकते. उरलेला कचरा मालेजवळच्या थिलाफुशीला जाई. लगून भरून घडवलेल्या या बेटावर १९९० च्या दशकाच्या आरंभापासून तो उघड्यावर जाळला जात होता, त्यामुळे प्रत्येक रिसॉर्टच्या अहवालात स्वच्छ दिसणारी रेघ एका ठिकाणी एकत्र होऊन धुराच्या रूपाने उभी राही.

आघात मूल्यमापनाच्या पद्धतीतील मुख्य उणीव येथे दिसते. वीजघराचा अहवाल निराळा, मार्ग खोलण्याचा निराळा, पुनर्भरणाचा निराळा, आणि शेजारच्या बेटाचे तिन्ही पुन्हा निराळे. त्या त्या अहवालात परिणाम ‘अल्प’ आणि ‘स्थानिक’ ठरतो आणि तो निष्कर्ष स्वतःपुरता बहुधा खोटाही नसतो. पण भित्ती एकच असते. १९९८ मध्ये समुद्र तापून मालदीवचे उथळ पाण्यातील बहुतांश प्रवाळ पांढरे पडून मेले, २०१६ मध्ये तसे पुन्हा घडले, आणि या दोन आघातांच्या मध्ये २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने विहिरी खाऱ्या केल्या व अनेक रिसॉर्ट काही काळ बंद पाडली. अशा भित्तीवर पडणारा ‘अल्प’ गाळ निरोगी भित्तीवरच्या गाळाइतका अल्प नसतो. एकत्रित परिणामांचा विचार करण्याची अपेक्षा नियमांत असली तरी कंकणद्वीपभर कोणते प्रकल्प एकाच वेळी चालू आहेत याचा ताळेबंद मांडणे एकट्या सल्लागाराच्या आवाक्यातले नाही.

काही ठिकाणी दृष्टी बदलल्याच्या खुणाही आहेत. लगूनच्या तळावरील सागरी गवत पाहुण्यांना आवडत नाही म्हणून रिसॉर्ट ते वर्षानुवर्षे उपटून टाकत होती, वास्तविक त्याची मुळे वाळू धरून ठेवतात. २०१९ मध्ये झालेल्या मोहिमेनंतर तीसहून अधिक रिसॉर्टनी गवताचा काही भाग राखण्याचे मान्य केले. त्याच वर्षी अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी मालेजवळ पाण्याखाली विशिष्ट आकाराच्या पिशव्या मांडून लाटांकडूनच वाळू साठवून घेण्याचा प्रयोग सुरू केला. दुसऱ्या बाजूला, २०२० मध्ये युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रांच्या यादीत आलेल्या अड्डू कंकणद्वीपात पुढच्या तीन-चार वर्षांत लगूनची वाळू उपसून मोठा भराव टाकण्यात आला, आणि त्या भरावात नव्या रिसॉर्टसाठी बेटेही होती. त्याचा आघात मूल्यमापन अहवाल रीतसर झाला होता. रिसॉर्टचे भाडेपट्टे आता पन्नास वर्षांचे असतात आणि ते नव्याण्णव वर्षांपर्यंत वाढवता येतात, तर पुनर्भरणाच्या अहवालातील देखरेखीचा तक्ता बहुधा काही थोड्या वर्षांतच संपतो.